फियाट ११०० डिलाइट: बीडिंग, मोनोग्राम, ओव्हरराइडर नागपुरात ओरिजिनल कुठं शोधायचं?

बर्डीकर | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचत होतो, आता गरज पडली म्हणून लिहितोय.

गाडी फियाट ११०० डी, म्हणजे आपली डिलाइट, १९६६ ची. मोठ्या काकांची. धरमपेठेतल्या घराच्या पोर्चमध्ये वर्षानुवर्षं उभी होती. इंजिन बांधून झालं, स्टिअरिंगवरचा गिअर सुरळीत पडतो, पत्र्याचं काम सध्या मानकापूरच्या डेंटरकडे चालू आहे. घोडं अडलंय ते चकचकीत सामानावर. नसलेल्या वस्तू अशा: उजव्या मागच्या दाराची बीडिंग (बाहेरून लावायची चकचकीत पट्टी), डिक्कीवरचं '११०० डी'चं मोनोग्राम (धातूची नावाची अक्षरं), मागच्या बंपरचा एक ओव्हरराइडर (बंपरवरचा उभा ठोकळा) आणि चौथा व्हील कप. बाकीचं आहे, पण डाव्या बाजूच्या बीडिंगला पोचे आलेत आणि दारांच्या हँडलांवरचं क्रोम फुगलंय.

घाट रोडची दुकानं पालथी घातली. "फियाटची बीडिंग" म्हटलं की पद्मिनीसाठी नव्यानं बनवलेली पट्टी पुढ्यात येते. पातळ पत्रा, वर कसलंसं पॉलिश. माझ्या जुन्या पट्टीशेजारी धरली तर उंची वेगळी, वळणही वेगळं. दुकानदार म्हणतो, "साहेब, लग्नात मिरवायचीय ना? कोण टेप घेऊन येणारे?"

घाई अशी की डेंटर म्हणतोय, बीडिंग मिळणार नाही, तेव्हा दोन्ही बाजूंची बीडिंगच्या क्लिपांची भोकं ब्रेझिंगनं (पितळेचा डाग देऊन) बुजवून टाकू, गाडी साफ दिसेल. पुढच्या आठवड्यात प्रायमर मारायचाय. बुजवू द्यावीत का? नाही तर शोध कुठून सुरू करू?

निकेलवाला | रविवार, रात्री ११:२५

भोकं बुजवू नका. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे डेंटरला फोन. बीडिंग नंतर मिळाली तर रंगवलेल्या दारात ड्रिल मारावं लागेल, आणि त्या भोकांची मूळ अंतरं तोवर गेलेली असतील. त्यापेक्षा भोकांच्या कडांना आतून-बाहेरून प्रायमर आणि रंग पाजून घ्या, वर रबराचे बूच बसवा. गाडी बीडिंगशिवाय दोन वर्षं फिरली तरी बिघडत नाही. बुजवण्याआधी कोणी अंतरं मोजून ठेवत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव. म्हणून तुम्ही दोन्ही बाजू मोजून कागदावर उतरवून ठेवाच.

दुसरं म्हणजे यादी वस्तूप्रमाणे केलीत, ती धातूप्रमाणे पुन्हा करा. कुठली वस्तू शोधायची, कुठली दुरुस्त करायची आणि कुठली बनवून घ्यायची, हे धातूवर ठरतं. जुन्या गाडीचं "क्रोम" म्हणतो त्यात साधारण पाच जाती निघतात: लोखंडावर क्रोम (बंपर), पितळेवर क्रोम, मझॅकवर म्हणजे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूवर क्रोम (हँडलं, मोनोग्राम, आरशाचे दांडे), स्टेनलेस, आणि ॲनोडाइज केलेलं, म्हणजे विजेनं वर कडक थर चढवलेलं ॲल्युमिनियम.

ओळखायचं कसं? लोक चुंबक लावतात, चिकटलं की "लोखंड आहे" म्हणून टाकून देतात. तसं नसतं. ट्रिमला, म्हणजे अशा चकचकीत सामानाला वापरलेलं बरंचसं स्टेनलेस ४३० जातीचं असतं आणि त्याला चुंबक चिकटतं. मोरचुदाच्या पाण्याचा एक थेंब पट्टीच्या मागच्या बाजूला, घासून साफ केलेल्या जागेवर टाका. साध्या लोखंडावर मिनिटभरात तांबूस थर धरतो, स्टेनलेसवर धरत नाही. मोरचूद नागपुरात कोणत्याही कृषी केंद्रात मिळतं, संत्र्याच्या बागांना बोर्डो मिश्रणासाठी लागतंच. चुंबक चिकटलं नाही तर मागून कानस फिरवा: पिवळं दिसलं तर पितळ, करडं आणि हाताला जड तर मझॅक, करडं पण हलकं तर ॲल्युमिनियम.

आता तुमच्या वस्तू.

पोचे आलेली बीडिंग स्टेनलेसची असेल तर ती सोनं आहे, जिवापाड जपा. मागून लाकडी ठोकळा आणि बोथट पंच घेऊन पोचा हळूहळू वर काढायचा, वरून बारीक कानस, मग ३२०, ४००, ६०० नंबरचा कागद, शेवटी बफ (फिरत्या चाकावर पॉलिश). घाईत वरून घासून पोचा "सपाट" करणारे असतात, त्यांच्यापासून दूर राहा. पत्रा तिथं पातळ होतो आणि उन्हात लाट दिसते.

ॲल्युमिनियम असेल तर बफ मारू नका. वरचा ॲनोडाइज थर कडक असतो, तो आधी कॉस्टिक सोड्यात उतरवायचा, मग पॉलिश, मग पुन्हा ॲनोडाइज. थर न उतरवता बफ मारला की पट्टे पट्टे दिसतात. कॉस्टिकचं काम घरी करू नका, डोळे जातील.

हँडलं फुगलीत म्हणजे मझॅक. क्रोमखाली पाणी शिरलं की जस्त गंजतं आणि वरचा थर फोडासारखा उचलतो. नुसतं "निकेल-क्रोम मारून द्या" म्हटलं तर प्लेटर जुना थर आम्लात उतरवतो आणि आम्ल जस्तालाही खातं. हाताखालचा माणूस दोन मिनिटं चहाला गेला तरी हँडलाची कड गेली. योग्य काम असं: जुना थर सांभाळून उतरवणं, प्रत्येक खड्डा कोरून स्वच्छ करणं, वर तांब्याचा जाड थर, तो घासून सपाट, लागलं तर पुन्हा तांबं, मग निकेल, सगळ्यात शेवटी क्रोम. शोभेचं क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं, ते काहीच झाकत नाही. चकाकी खालच्या निकेलची आणि त्याखालच्या घासकामाची. हिंगणा एमआयडीसीत प्लेटिंगवाले आहेत, पण त्यांना पोत्यानं येणारा माल हवा असतो. चार हँडलं घेऊन गेलात तर नाही म्हणतात, किंवा बाकीच्या मालाबरोबर टाकीत सोडून देतात. आधी बसून बोला, मझॅक आहे हे स्पष्ट सांगा, आणि पहिल्यांदा सगळ्यात खराब हँडल एकटंच द्या.

पुणेरी_स्पॅनर | सोमवार, सकाळी ८:०५

निकेलवाल्यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

एवढा त्रास कशाला पण? ११०० डी इटलीत १९६२ ते ६६ बनत होती, तिथं आजही ट्रिम नवीन बनवून विकतात. इंग्रजीत शोधू नका, फार कमी सापडतं. इटालियन शब्द टाका: बीडिंगला 'मोदानातुरा', मोनोग्रामला 'फ्रेजो', ओव्हरराइडरला 'रोस्त्री'. फक्त १९६६ नंतरची ११०० आर आली की पुढे जा, ती वेगळी गाडी आहे. कस्टम आणि कुरिअर धरून महाग पडेल, पण घरबसल्या काम.

जुनं_पोलाद | सोमवार, सकाळी ९:३०

आणि त्याला ओरिजिनल म्हणायचं?

बर्डीकरांची गाडी इटलीतल्या तुरिनची नाही, कुर्ल्याची आहे. प्रीमिअर ऑटोमोबाइल्सनं ती कुर्ल्यात बनवली. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर सरकारचा आग्रहच होता की ज्यांना गाड्या बनवायच्यात त्यांनी सुटे भाग इथंच बनवायचा कार्यक्रम द्यावा. त्यामुळे साठच्या दशकातल्या गाडीवरचं बरंच सामान देशी पुरवठादारांचं. इटलीची पट्टी जास्त चांगली असेल, पण या गाडीवर ती कधी नव्हती. आज बनवलेली इटालियन नक्कल आणि आज बनवलेली घाट रोडची नक्कल, दोन्ही नक्कलच. एक महाग, एवढाच फरक.

पुणेरी_स्पॅनर | सोमवार, सकाळी ९:५२

घाट रोडची नक्कल बसत नाही हो, तिची बसते. फरक इथं आहे.

जुनं_पोलाद | सोमवार, सकाळी १०:१०

बसते हे कोणी मोजलंय? बर्डीकर, मागवण्याआधी विक्रेत्याकडून भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं लेखी मागवा. त्यानं दिली नाहीत तर काय ते समजून घ्या.

वऱ्हाडी_गिअर | सोमवार, दुपारी १:१५

बर्डीकर भाऊ, तुमी घाट रोडवर कायले फिरून राहिले? तिथल्या दुकानदाराले फियाट म्हंजे पद्मिनीच माहीत. १९७४ पासून पद्मिनी नावानं गाडी आली, ते थेट शतक संपेपर्यंत. त्याचा धंदा त्याच गिऱ्हाईकावर चालला. तुमची गाडी त्याच्या आधीची. त्याच्याकडे तिचा माल असंलच कायले?

मुंबईले जाऊन कुर्ल्यात शोधतो म्हनाल तर तेही आताच सांगतो. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मधी रस्त्यावरून गेल्या, त्याचा माल भंगारात ढिगानं आला हे खरं. पन त्या टॅक्स्या शेवटच्या शेवटच्या, साध्यातल्या साध्या. त्याईच्यावर तुमची बीडिंग भेटत नाई. इंजिनाचं, गिअरबॉक्सचं सामान भेटंल, दाराच्या काचेची मशीन भेटंल.

आता माझं ऐका. १९६६ साली फियाट कोनाकडं असे? डॉक्टर, वकील, जिनिंगवाले, संत्र्याचे बागाईतदार. म्हंजे नागपूर तं हायेच, पन हिंगनघाट, आर्वी, काटोल, वरूड, यवतमाळ, अमरावती. गाडीसाठी नंबर लावून वर्षोगनती थांबत होते लोकं, अन् सुटा भाग तं त्याहून वांधा. म्हनून जो भेटला तो लोकाईनं घेऊन ठेवला. व्हील कप तं कित्येक जन गाडीले लावतच नव्हते, चोरीले जाते म्हनून घरात काढून ठेवत. मंग गाडी विकली, कोनी भंगारात देली, पन माळ्यावरचा डबा तिथंच राह्यला. घरातल्या पोराले मालूमही नाई त्यात काय हाय.

म्हनून 'जुनी गाडी हाय काय' असं विचारू नका. विचारलं का समोरच्याले वाटते हा गाडी घ्याले आला, अन् सरळ लाखाचा आकडा सांगते. 'आबाजीच्या गाडीचं काई सामान माळ्यावर पडलं हाय काय' असं विचारा. त्याहून बेस्ट म्हंजे त्या गावचा जुना मिस्त्री धरा. आता काम करत नसंल, पन कोनाच्या घरी कोनती गाडी होती हे त्याले पाठ असते. त्याच्यासंगं तर्री-पोहे खा, घाई करू नका. पहिल्या दिवशी तो काईच सांगत नाई.

एक अजून. भंगारवाल्याकडं गेले तं फियाटचं नाव काढू नका, भाव चढते. पितळ पाहाचं हाय म्हना. पितळेचा माल वजनावर जाते, इतवारीत पोचला का वितळला समजा. म्हनूनच पितळेची ट्रिम सगळ्यात आधी गायब झाली, अन् मझॅकचं कुजकं सामान अजून पडलं हाय.

संत्राबर्फी | सोमवार, रात्री ९:२०

वऱ्हाडी_गिअर यांना +१. त्यात आपल्या हवेचाही भाग आहे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत मझॅक आणि बंपर सडतात. विदर्भात पावसाळा सोडला तर हवा कोरडी, त्यामुळे माळ्यावर पडलेला धातू इथं बरा टिकतो. उलट रबर, डॅशबोर्ड, स्टिअरिंगचं प्लास्टिक आपल्याकडे मे महिन्यातच जातं. पंचेचाळीस डिग्रीत पोर्चमध्ये उभ्या गाडीचं दुसरं काय होणार? तेव्हा धातूसाठी विदर्भ धुंडाळा. रबराचं सामान जुनं कोणी "पॅकबंद ओरिजिनल" म्हणून देऊ केलं तरी घेऊ नका, काचेच्या रबराला बोटानं वाकवलं की तडा जातो. रबर नवीनच.

माझा अनुभव फियाटचा नाही, बाबांच्या अँबेसेडर मार्क टूचा आहे. मार्क टू म्हणजे बारीक चौकडीची जाळी. १९७५ च्या मार्क थ्रीला ती बदलली आणि मार्क फोरला तर तोंडच वेगळं झालं. नागपुरात "अँबेसेडरची जुनी जाळी" म्हणून सगळीकडे मार्क फोरचीच दाखवत होते. अँबेसेडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची, तर माल कोलकात्याला, हा सरळ विचार करून मल्लिक बझारमध्ये ओळखीतून चौकशी केली. मिळाली. हावडा-मुंबई मार्गावर असण्याचा नागपूरला हा फायदा, कोणी ना कोणी कोलकात्याहून येत असतं.

तिथं शिकले ते सांगते. विक्रेता नेहमी पुढून फोटो पाठवतो. मागून मागा. जाळी असो, मोनोग्राम असो, सगळी गोष्ट मागच्या बाजूला लिहिलेली असते: बसवायच्या खुंट्या शाबूत आहेत का, कुठं डाग देऊन जोडलंय का, तडा कुठवर गेलाय, ओतकामाचा शिक्का आहे का. मला पहिली जाळी दाखवली ती पुढून झकास होती. मागून पाहिली तर दोन खुंट्या तुटलेल्या आणि एम-सीलचे गोळे. शेजारी पट्टी ठेवून फोटो मागवा, म्हणजे मापही कळतं.

आणि मोनोग्राम प्लेटिंगला देताना जपा. आमचं 'अँबेसेडर' नावाचं मोनोग्राम इथल्या एका कारखान्यात दिलं होतं. बफवाल्यानं इतकं घासलं की अक्षरांच्या कडा गोल झाल्या, मधल्या बारीक रेषा पुसल्या गेल्या. चकाकतं छान, वाचता येत नाही. तेव्हापासून मी बफिंगच्या वेळी तिथं उभी राहते. त्यांना आवडत नाही, पण राहते.

हेराल्डचा_नातू | मंगळवार, सकाळी ७:४५

इटली-कुर्ला वादावर आमच्या घरचं उदाहरण. स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासची. ब्रिटनमध्ये ट्रायंफ हेराल्डचा जवळपास प्रत्येक भाग नवीन मिळतो, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पण आमची चार दारांची, आणि चार दारांची हेराल्ड फक्त भारतात बनली. मागच्या दाराचं ट्रिम ब्रिटनमधल्या कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही, असणारच नाही. पुढचं सगळं तिकडून आलं, मागच्या दारासाठी विदर्भ-मराठवाडा पायाखाली घातला. म्हणून जुनं_पोलाद यांचं म्हणणं पटतं, पण पुणेरी_स्पॅनर यांचंही अर्धं बरोबर आहे. ज्या भागाचा आकार दोन्हीकडे एक आहे, तो बाहेरून आणायला काय हरकत?

जुनं_पोलाद | मंगळवार, सकाळी ८:३०

हरकत काहीच नाही, फक्त "ओरिजिनल" म्हणून मिरवू नका एवढंच. गाडीच्या वहीत लिहून ठेवा कुठला भाग कुठून आला. पुढच्या मालकाला कळायला हवं.

कॉटनमार्केट | मंगळवार, दुपारी १२:०५

अवांतर, पण विचारतो. गाडी ५० वर्षांच्या पुढची आहे, तर व्हिंटेज नोंदणी करताना असं बाहेरचं ट्रिम लावलं तर आरटीओ अडवेल का?

जुनं_पोलाद | मंगळवार, दुपारी १:४०

नाही. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या, बिगर-व्यावसायिक दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा नंबर आहे. अट चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसावा ही. बीडिंग-मोनोग्रामचा त्यात प्रश्न येत नाही. नवीन नोंदणीला २० हजार शुल्क आहे आणि नोंदणी १० वर्षांची. पण या नंबरावर गाडी रोज वापरता येत नाही, ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वगैरेंसाठीच, हे लोक विसरतात. रोज भाजी आणायला न्यायची असेल तर हा मार्ग नाही.

भंगारातून भाग घेताना मात्र साधी का होईना पावती घ्या. चोरीच्या गाड्या कापून विकणाऱ्या बाजारांचा इतिहास मोठा आहे, मेरठचं सोतीगंज उगाच २०२१ मध्ये बंद झालं नाही.

निकेलवाला | मंगळवार, रात्री १०:५०

शोधून मिळालंच नाही तर बनवणं आलं, त्यावर थोडं.

बीडिंग: लांब पट्टी कापून छोटी करता येते, छोटीची लांब होत नाही. म्हणजे मागच्या दाराची पट्टी हुडकताना पुढच्या दाराची त्याच घडणीची, एका टोकाला चेपलेलीसुद्धा, मिळाली तर सोडू नका. चेपलेला भाग कापून जाईल, फक्त टोक पुन्हा वळवून बंद करावं लागेल. चांगला माणूस ते सागाच्या साच्यावर करतो.

मोनोग्राम: कोणाचं तरी खरं मोनोग्राम चार दिवस उसनं आणून त्यावरून पितळेत ओतून घेता येतं. पितळ ओतणाऱ्यानं ते थेट नमुना म्हणून वाळूत दाबलं तर तयार माल लहान निघतो. पितळ थंड होताना शंभर मिलिमीटरला साधारण दीड मिलिमीटर आकसतं. पंधरा-वीस सेंटिमीटरच्या अक्षरमाळेत दोन-तीन मिलिमीटर गेले की मागच्या खुंट्या डिक्कीच्या भोकांत बसत नाहीत, आणि मग माणसं डिक्कीची भोकं मोठी करतात. तसं करू नका. खुंट्या ओतीव ठेवूच नका. सपाट पाठीचं ओतून घ्या आणि खुंट्या नंतर डिक्कीच्या मापानं चांदीच्या डागानं बसवा. पितळेवर क्रोम मझॅकपेक्षा शंभरदा चांगलं बसतं, त्यामुळे बनवलेलं मोनोग्राम मूळच्यापेक्षा जास्त टिकेल. जुनं_पोलाद रागावतील, पण मागून पिवळं दिसेल त्यामुळे फसवणूकही नाही.

आणि क्लिप. बीडिंगवर हजारो खर्च करून गंजक्या क्लिपांवर बसवणारे पाहिलेत. जुन्या क्लिप पसरलेल्या असतात, खड्ड्यात चाक गेलं की पट्टी रस्त्यावर. नवीन घ्या, प्रत्येक भोकाशी सीलंटचा ठिपका द्या. नाहीतर पावसाचं पाणी तिथून दारात उतरतं आणि दार खालून सडतं.

पुणेरी_स्पॅनर | बुधवार, सकाळी ८:२०

दीड टक्क्याचा मुद्दा माहीत नव्हता. आता कळलं आमच्या ओळखीतल्या एका 'रिस्टोअर' गाडीच्या डिक्कीवर नाव तिरकं का आहे.

वऱ्हाडी_गिअर | बुधवार, सकाळी ८:५५

पुन्यात तं सगळंच तिरकं असते भाऊ 😄

बर्डीकर | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी ७:१०

धागा वर काढतो. सगळ्यांचे आभार, आता हिशोब देतो.

डेंटरला त्याच सोमवारी थांबवलं. तो नाराज होता, पण भोकं शाबूत आहेत, कडांना रंग पाजलाय, बूच लावलेत.

मोरचुदाची परीक्षा केली. बीडिंग स्टेनलेसची निघाली, चुंबक चिकटत असूनही. पोचे काढायला इतवारीत लोहा ओळीजवळ एक वयस्कर कारागीर सापडले, मूळ काम देवाच्या मखरांचे पत्रे ठोकण्याचं. गाडीचं काम कधी केलेलं नाही म्हणाले, पण हात असा की पोचा कुठं होता हे मलाच शोधावं लागलं. डेंटर-पेंटरपेक्षा या कामाला असा पत्रा ठोकणारा माणूस बरा, हे माझं मत झालंय. त्यांना गाडी दिसत नाही, फक्त पत्रा दिसतो.

उजव्या मागच्या दाराची बीडिंग आर्वीला मिळाली. वऱ्हाडी_गिअर भाऊंच्या मिस्त्रीच्या वाटेनंच गेलो. वर्ध्यातल्या एका निवृत्त मिस्त्रींनी सांगितलं की आर्वीच्या एका डॉक्टरांकडे दोन डिलाइट होत्या, एक चालायला आणि एक सुट्या भागांसाठी. दोन्ही गाड्या केव्हाच गेल्या. मुलाला काही माहिती नव्हती. सुनेनं माळ्यावरून पत्र्याची पेटी काढून दिली. त्यात बीडिंगच्या तीन पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, दोन व्हील कप, काच वर-खाली करायची हँडलं आणि कोणत्याच फियाटची नसलेली एक पितळी किल्ली. पैसे घ्यायला तयार नव्हत्या. शेवटी "नारळ म्हणून तरी" असं करून दिले. पट्ट्या पीव्हीसी पाइपात घालून एसटीच्या पार्सलनं नागपूरला आणल्या, वाकल्या नाहीत.

इटलीचंही विचारलं, पुणेरी_स्पॅनर. विक्रेत्यानं भोकांची अंतरं दिली, माझ्या कागदाशी ताडून पाहिली. पुढच्या दाराची जुळतात, मागच्याची एक क्लिप सोडून जुळतात. म्हणजे वाद तुम्ही दोघांनीही जिंकला.

मोनोग्राम अजून नाही. कोणाकडे '११०० डी'चं अस्सल असेल तर चार दिवस उसनं द्या, अनामत ठेवतो, ओतताना समोर उभा राहीन. ओव्हरराइडरचाही पत्ता नाही.

संत्राबर्फी | शनिवार, रात्री ८:३०

ती पितळी किल्ली फेकू नका, फोटो टाका. जुन्या अँबेसेडरची डिक्कीची असेल तर मला हवीय!

मोनोग्राम सदरमधल्या माझ्या मामेभावाकडे असावं, त्यांची डिलाइट अजून चालू आहे. काढून देतील की नाही माहीत नाही, काढताना खुंटी तुटण्याची भीती असते. गाडीवर असतानाच त्याचा साचा घेता येईल का?

निकेलवाला | शनिवार, रात्री ९:१५

येईल. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ते सिलिकॉन आणा. आधी मोनोग्रामला मेण लावा, आजूबाजूच्या रंगावर टेप, मग दाबा. रंगाला काही होत नाही. त्या साच्यात मेणाचा नमुना करून तो पितळेत ओतायचा. आकसण्याचा हिशोब इथंही धरावा लागेल, मेणाचं आकसणं वेगळं आणि पितळेचं वेगळं. तेव्हा भोकांचं माप डिक्कीवरूनच घ्या, मोनोग्रामवरून नको.

हेराल्डचा_नातू | शनिवार, रात्री ९:४०

बर्डीकर, अमरावतीला एका गॅरेजमागे फियाटचा मागचा बंपर पडलेला पाहिल्याचं आठवतंय, ओव्हरराइडरसकट. उद्या तिकडेच चाललोय. तुम्हाला डावा हवाय की उजवा?

बर्डीकर | शनिवार, रात्री ९:४२

उजवा. पण डावा असेल तरी मागून फोटो काढून पाठवा!